काढता येतं ते लिहायचं नाही

आमच्या कॉम्प्युटरच्या बाईंनी स्वतःचं वय कधी कुठे लिहिलं नाही. फॉर्म घेणारा कारकून वैतागायचा. "मॅडम, वयाचा रकाना रिकामाच हाय." बाई शांतपणे म्हणायच्या, "वर जन्मतारीख दिलीय न्हवं? काढा की. वय लिहून ठेवलं की पुढच्या साली खोटं पडतंय."

पालमला पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्यांचा क्लास. मी नववीत शाळा सोडलेली, ते दारातच सांगून टाकलं. "कॉम्प्युटर कुठं दाखला मागायलाय?" म्हणाल्या आणि खुर्ची सरकवली.

माझा जीव मुळातच घाबरा. दिवसातून तीनदा विचारायची, "बाई, मला जमल का?" मान वर न करता त्या म्हणत, "सकाळपासून काई बदललंय का?"

"नाही."

"मग उत्तर तेच. जमल."

कॉम्प्युटरमधली 'कॅश', म्हणजे एकदा काढून हाताशी ठेवलेलं उत्तर, ती मला अशी कळली. मूळ हललं नाही तोवर काढलेलं उत्तरच द्यायचं; हललं की टाकून नव्यानं काढायचं.

कळलं खरं, वळलं नाही. एका दवाखान्यासाठी मी नंबरांचा स्क्रीन केला. रोग्यांची यादी होतीच, तरी 'तुमच्या पुढे किती' हा आकडा मी वेगळा साठवला. दोघं कंटाळून निघून गेले. यादीतून नावं उडाली, आकडा तसाच. ताडकळसची एक आजी पुढे अजून दोघं आहेत म्हणून चहाला गेली आणि तिचा नंबर हुकला. बाईंनी मला तिच्यासमोर उभं केलं.

"माय, तुझी मशीन शिळं बोलायलीय," आजी म्हणाली.

बाई खूश. "शिळं! माझ्या पुस्तकात बी इतका चांगला शब्द न्हाई." मी तो आकडा पुसला, यादी बदलली की तिच्यातूनच मोजायला लावला.

आता मी बंगळुरूत. कामाचा नमुना बघून एका कंपनीनं घेतलेलं, तीन महिन्यांच्या बोलीवर. 'शिक्षण किती?' कुणी विचारेल या धास्तीनं डबाही एकटीच खायची. शेवटच्या आठवड्यात साहेबांनी माझा कोड सगळ्यांसमोर उघडला. कंपनीच्या कोडात आधी कुणीतरी वेगळे साठवलेले चार आकडे मी उडवले होते. चारही तिथल्या मूळ यादीतूनच निघत होते.

"हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?"

"कॉलेज नाही, सर. शाळा नववीपर्यंत. पुढचं पालमच्या बाईंनी शिकवलं."

साहेब नोकरी पक्की म्हणाले, आणि इथल्या चौघांना बाई शिकवतील का, असंही विचारलं.

मी लगेच फोन लावला.

"शिकवते की," बाई म्हणाल्या. "पालमला यायला परभणीवरून एस.टी. हाय म्हणावं."