मागचे आकडे

नव्वदच्या दशकातल्या एका ऑगस्टमध्ये, दुपारी, नगरच्या पूर नियंत्रण कक्षातल्या संगणकावरील माहितीची आवक थांबवण्यात आली. प्रिंटरमध्ये कागद अडकला होता. मी वार्ताहर म्हणून तिथे बसलो होतो.

धरणावरून थोड्या थोड्या वेळाने एक ओळ येई: वेळ आणि सोडलेले पाणी. ती छापून निघाली की ऑपरेटर मोठ्याने वाची. कागद अडकला तर कळ दाबून आवक थांबवायची. तोवर आलेल्या ओळी यंत्रात साठत. पुन्हा सुरू केल्यावर आधी साठलेल्या ओळी निघत, ताजी शेवटी. म्हणून साठलेली ओळ वाचण्याआधी 'मागचं' म्हणायची पद्धत होती.

आमच्या जीपचा चालक फोन धरून उभा होता. पलीकडे, काष्टीजवळच्या गावातल्या एसटीडी बूथवर, त्याचा भाऊ होता. आई नदीपल्याडच्या शेतात होती. पाणी वाढले नसेल तर भाऊ नदीवरच्या ठेंगण्या फरशी पुलावरून जाऊन तिला मोटारसायकलवर आणणार होता. वाढले असेल तर तिकडचे लोक तिला उंच माळावर नेणार होते.

"साहेब, सांगा की. त्यो गाडीची चावी हातात घिऊन हुबा हाय."

"कागद निघू दे. वरातीला चाललाय का तो?" ऑपरेटर म्हणाला.

"आईला आनायला चाललाय."

कागद निघाला. ऑपरेटरने कळ दाबली आणि पहिली ओळ वाचली. "पाच हजार क्युसेक." 'मागचं' म्हटले नाही.

"सकाळपास्नं हाय तेवढंच पानी हाय. जा तू," चालक फोनवर म्हणाला.

प्रिंटर चालूच होता. तिसऱ्या ओळीत आकडा दुप्पट झाला. मी पहिल्या ओळीतली वेळ पाहिली आणि ऑपरेटरसमोर कागद धरला. ती अर्ध्या तासापूर्वीची होती. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

"मागचं," तो म्हणाला. मग शेवटची ओळ वाचली. "ताजं. तीस हजार."

चालकाने फोन ठेवला नव्हता. "बूथवाले, भाऊ हाय का तिथं?" त्याने ऐकून घेतले आणि आम्हाला सांगितले, "गेला म्हनत्यात." मग पुन्हा फोनवर, सावकाश: "मागं कुनाला तरी गाडीवर पाठवा. पुलावर जाऊ नको म्हनावं. आईला तिकडंच राहू दे."

ऑपरेटर प्रत्येक ओळ वाचत राहिला.

अंधार पडण्याआधी बूथवरून फोन आला. भावाला पुलाच्या अलीकडेच गाठले होते. पूल पाण्याखाली होता. आईचा निरोप नव्हता.

निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला. ती माळावरच्या शाळेत होती.