टोंगळ्याचं कोणतं शिंग मोडलं होतं?

"हा टोंगळ्या नाही," काका म्हणाले आणि त्यांनी बाहुलीच्या डोक्यातून हात काढून घेतला.

गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानांमागे माझं वर्कशॉप आहे. तिथे आम्ही तिघं उभे होतो. काका, त्यांची मुलगी सुनंदा आणि मी. दोन महिने मी त्या बाहुलीवर घालवले होते.

"काहून नाही, काका?"

"शिंग उलट्या बाजूचं मोडलं तुम्ही. अन् डोळाबी उलटा आहे."

सुनंदाने मोबाईल पुढे केला. "बाबा, सिनेमातच बघा ना. डावं शिंग मोडलेलं आहे. ताईंनी बरोबर केलंय."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवून क्लिप पाहिली. पुन्हा लावायला सांगितली. चेहरा गोंधळलेला.

"मले नाही समजून राहिलं," ते हळूच म्हणाले. "पण माह्या टोंगळ्याचं उजवं मोडकं होतं."

सुनंदा जिन्यात गेली. मी मागोमाग गेले. ती डोळे पुसत होती.

"बघितलंत ना, ताई? स्वतः बनवलेली वस्तूही आता आठवत नाही त्यांना. पुढच्या महिन्यात कामठीचं घर बंद करते आणि पुण्याला माझ्याकडे घेऊन जाते."

हे सगळं काय प्रकरण होतं, ते सांगते.

मी बाहुल्या बनवते. शाळांची नाटकं, जाहिराती, लग्नातले कार्यक्रम. कधीकधी लोकांना सिनेमातला एखादा प्राणी हुबेहूब हवा असतो. फोटो किंवा क्लिप आणतात, मी बघून बनवते. आधी फोम कापून आकार करायचा, त्यावर लॅटेक्स म्हणजे रबराची पातळ कातडी चढवायची. आत हात घातला की तोंड हलतं. डोळ्यांसाठी सायकलच्या ब्रेकची केबल वापरते.

काका कोराडीच्या वीज केंद्रात फिटर होते. त्यांच्या तरुणपणी काही सिनेमावाले रामटेककडे शूटिंगला आले होते. डोहातून निघणारा एक प्राणी त्यांना हवा होता. बैलाची शिंगं, बेडकाचं तोंड. त्यांनी आणलेल्या बाहुलीचा जबडा पहिल्याच दिवशी अडकला. कुणीतरी काकांचं नाव सुचवलं. काकांनी ती बाहुली सोडून दिली आणि नवीनच बनवली. वर शूटिंगमध्ये चालवलीही त्यांनीच. उंची जेमतेम गुडघ्याएवढी. आमच्याकडे गुडघ्याला टोंगळा म्हणतात, म्हणून युनिटने तिचं नाव टोंगळ्या ठेवलं. शूटिंग संपल्यावर बाहुली सिनेमावाल्यांसोबत गेली. सिनेमा आला आणि गेला. आता त्याची एक चार मिनिटांची क्लिप तेवढी इंटरनेटवर सापडते. टोंगळ्या लग्नाच्या पंगतीत घुसतो, तो सीन.

काकू गेल्यापासून काका कामठीला एकटे राहत होते. अलीकडे विसरायला लागले होते. एकदा गॅस चालू राहिला. एकदा शेअर ऑटोतून भलतीकडेच उतरले. जुनी वस्तू हातात आली तर त्यांना बरं वाटेल, म्हणून सुनंदाने मला ऑर्डर दिली. क्लिप तिनेच पाठवली होती. काकांना मी काही विचारलं नाही. त्यांच्यासाठी ते सरप्राइज होतं.

आता पुढे काय करायचं, मला कळेना.

पहिली शंका मी स्वतःवरच घेतली. आमच्या कामात डावं-उजवं बाहुलीच्या बाजूने मोजतात, बघणाऱ्याच्या नाही. तिथेच माझी गफलत झाली असेल. क्लिप पुन्हा लावली. नाही, टोंगळ्याचं स्वतःचं डावं शिंगच अर्धं होतं. डावा डोळा बंद, उजवा मिचकावणारा. माझी बाहुली क्लिपशी तंतोतंत जुळत होती.

मी आत येऊन काकांजवळ बसले. "काका, उजवंच मोडकं होतं, हे कशावरून सांगता?"

"तुम्ही हात घाला ना आत," ते म्हणाले. "उजवा हात डोक्यात. बरोबर? मग डोळ्याची केबल कोन्त्या हातानं ओढसान?"

"डाव्या."

"मंग केबल डावीकडूनच बाहेर निघन ना. जिवंत डोळा डावा. उजव्या बाजूले माहा अख्खा हात, तिथं केबलले जागाच नाही. म्हणून तो डोळा आंधळा ठेवला. अन् त्याच अंगाचं शिंग मोडलं. डायरेक्टर म्हणे, मारामारी झाल्यासारखी वाटली पाहिजे."

मी हात घालून पाहिला. खरंच, मी बसवलेली केबल माझ्याच मनगटाला घासत होती. बनवतानाही ती त्रास देत होती. जुन्या लोकांनी काहीतरी वेगळी युक्ती केली असेल, असं म्हणून मी ती पुढे रेटली होती.

आता सांगा. काकांचं म्हणणं कामाच्या हिशेबाने बरोबर. क्लिप डोळ्यांसमोर, तीही बरोबर. आणि दोघं एकाच वेळी बरोबर असणं शक्य नव्हतं.

"ताई, तुम्ही त्यांच्या बोलण्यात येऊ नका," सुनंदा म्हणाली. "ते फार खात्रीने चुकतात आजकाल."

काकांनी ते ऐकलं. ते नुसते आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले, जणू त्या हातानेच त्यांना फसवलं होतं. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून शिंग कोणत्या बाजूचं, ते ठरत नाही. मी चार दिवस मागून घेतले.

तिसऱ्या दिवशी मी क्लिप मोठ्या कॉम्प्युटरवर लावली आणि एकेक फ्रेम थांबवून पाहू लागले. केबल कुठे दिसते का, एवढंच शोधत होते. केबल दिसली नाही. टोंगळ्याच्या मागे पंगत बसलेली होती. एका म्हाताऱ्याने वरणभाताचा घास उचलला आणि मी थांबले. घास डाव्या हातात होता. असेल एखादा डावखुरा. शेजारची बाई पाहिली. तीही डाव्या हाताने. तिच्या पलीकडचा, त्याच्या पलीकडचा. अख्खी पंगत डाव्या हाताने जेवत होती. वाढपीसुद्धा डाव्या हाताने वाढत होता.

लग्नाच्या पंगतीत, आपल्याकडे!

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे एक ओळखीचे गृहस्थ आहेत. त्यांना क्लिप पाठवली आणि फोन करून पंगतीचं सांगितलं.

"अहो मॅडम, क्लिप उलटी टाकली आहे ना टाकणाऱ्यानं," ते हसत म्हणाले. "आरशात दिसते तशी. लोकं असंच करतात. सरळ टाकली तर साइटवाल्या कंपनीचा कॉम्प्युटर चोरी पकडते. उलटी टाकली का त्याले समजत नाही."

"सरळ करता येईल?"

"एका बटनाचं काम आहे."

दहा मिनिटांत सरळ क्लिप आली. पंगत उजव्या हाताने जेवू लागली. आणि टोंगळ्याचं उजवं शिंग मोडलेलं होतं.

मी दोघांनाही बोलावलं. आधी सुनंदाला दोन्ही क्लिपा दाखवल्या. तिने पंगतीवर बोट ठेवलं. मग वडिलांजवळ जाऊन बसली.

"बाबा, मी तुम्हाला खोटं ठरवलं."

"तुहा काय गुन्हा वं त्यात," काका म्हणाले. "मलेबी वाटून राहिलं होतं का डोकं गेलं आपलं. तीन रोज झोपच नाही आली मले."

बाहुली दुरुस्त करायला आठ दिवस लागले. शिंगं बदलणं सोपं. डोळ्यासाठी मात्र डोकं मागून कापून केबल डावीकडे घ्यावी लागली. काका रोज कामठीहून येत आणि शेजारी स्टुलावर बसून सूचना देत. केबलला कुठे वळण द्यायचं, स्प्रिंग किती ताठ, सगळं त्यांना पाठ होतं. माझं नाव मात्र रोज नव्याने विचारत.

म्हणजे सुनंदाची काळजी काही खोटी नव्हती. काकांसाठी घेतलेली डॉक्टरांची अपॉइंटमेंट तिने रद्द केली नाही. घर बंद करायचं मात्र तिने तूर्त थांबवलं. दोन वेळच्या स्वयंपाकाला एक बाई लावली आणि चहासाठी विजेची शेगडी आणून दिली. काका काय विसरतात आणि काय विसरत नाहीत, हे आता ती वहीत लिहिते. आधी फक्त विसरलेलंच लिहायची.

माझ्यापुरतं सांगायचं तर ऑर्डरच्या कागदावर मी आता डावं-उजवं लिहून सही घेते. सही गिऱ्हाइकाची. आणि मूळ वस्तू चालवणारा माणूस हयात असेल, तर काम सुरू करण्याआधी त्याचीसुद्धा.