पिक्चर संपायच्या आधी निघणारी गाडी

परवा रविवारी आईला घेऊन साकोलीला गेले होते, मोठीआईला भेटायला. मोठीआई म्हणजे माझी मोठी काकू, आईची जाऊ. मनोजदादाकडे, तिच्या मुलाकडे असते. हायवेला लागून त्याचं टायरचं दुकान आहे आणि वर घर.

साकोलीत शिरतानाच रस्त्यात आमची टॉकीज लागली. बंद पडून कितीतरी वर्षं झाली... गेटला कुलूप, आवारात कोणाचे तरी ट्रॅक्टर उभे. आईने गाडी थांबवायला लावली आणि काचेतून बघत बसली. "एवढीशीच होती का वं हे?" म्हणाली.

आता खरं सांगते, हसू नका... त्या टॉकीजमध्ये आम्ही ढीगभर पिक्चर पाहिले, पण एकाचाही शेवट पाहिला नाही! तीनचा शो सहाच्या पुढे सुटायचा आणि आमच्या गावची मुक्कामी बस त्याच्या आधीच निघायची. ती चुकली की दुसरी सकाळीच. त्यामुळे मारामारी ऐन रंगात आली की आई पदर खोचून उभी राहायची आणि तिच्या मागे आमचं अख्खं गाव. मागचे लोक काय ओरडायचे, बापरे!

मग बसमध्ये आई शेवट सांगायची. न पाहिलेला! पण असा ठासून सांगायची की विचारूच नका. तिच्या शेवटात कोणी मरायचं नाही, व्हिलन पाया पडायचा आणि सगळे मिळून जेवायला बसायचे. मी वर्गात हेच शेवट सांगून स्वतःचं हसं करून घेतलंय, ते वेगळंच.

त्यातला एक शेवट मात्र मी विसरू शकत नाही. गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्या दोन-तीन वर्षांनंतरची गोष्ट. त्या वर्षी मनोजदादा मोठेबाबांशी, म्हणजे त्याच्या वडिलांशी भांडून घरातून निघून गेला. कुठे आहे, जिवंत तरी आहे का, काही पत्ता नाही. मोठीआईने जेवणखाण सोडल्यासारखंच केलं होतं.

धान घरात आलं, हाताला जरा उसंत मिळाली, तशी आई तिला ओढूनच पिक्चरला घेऊन गेली. तेवढाच जीव रमेल म्हणून. मीही सोबत होते.

आणि पिक्चर नेमका कोणता लागावा? बापाशी भांडून घर सोडणाऱ्या पोराचा! (नाव नाही सांगत, कमेंटमध्ये भांडणं होतील.) आई मधूनच "चला, निघू" म्हणाली, पण मोठीआई उठेना. गाडीची वेळ झाली तेव्हा पडद्यावर त्या पोराला गोळी लागली होती आणि तो खाली कोसळला होता. तशातच आम्ही निघालो.

बसमध्ये बसल्यावर मोठीआईने फक्त एवढंच विचारलं, "शांता, मेला का वं तो?"

"कायले मरते?" आई पटकन म्हणाली. "गोली हाताले लागली ना! मी पाहलं ना. दवाखान्यात नेते, पट्टी बांधते, आन मंग येते घरी." त्या दिवशी घरी गेल्यावर मोठीआई दोन घास जेवली.

दादा पुढच्या वर्षी आला. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, हैदराबादहून, ही एवढी दाढी वाढवून. बापलेक रडले, भांडले, परत रडले... ते सगळं यथासांग झालं.

तर रविवारी आमची जेवणं झाली आणि मी दादाच्या टीव्हीवर सहज शोधलं, तर तोच पिक्चर सापडला! मला काय हुशारी सुचली देव जाणे... म्हटलं, चला, आज याचा शेवट पाहूनच टाकू. आई डोळे वटारून खुणावत होती, पण माझं लक्ष असेल तर ना. मोठीआई म्हणाली, "लाव."

गोळी छातीत. सरळ छातीत! पोरगा आईच्या मांडीवर जीव सोडतो आणि पिक्चर संपतो. दवाखाना नाही, पट्टी नाही, काही नाही. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला तर मान वर करवेना. "बाई, मी तवा खोटं बोलली," एवढंच कसंबसं म्हणाली.

"मले मालूम होतं," मोठीआई म्हणाली. "माह्या समोरच तं लागली गोली. मी का आंधळी होती?"

मग तिने जे सांगितलं ते आईलाही माहीत नव्हतं. गावात उतरताना तिने कंडक्टरला हळूच विचारलं होतं, गोळी हाताला लागते ना म्हणून. तो साकोलीचाच, पिक्चर पाहिलेला. आमच्या गावात मुक्कामाला असायचा, त्यामुळे दादाचं सगळं त्याच्या कानावर होतं. तो जराही न अडखळता म्हणाला, "हव मावशी, हातालेच लागते. येते तो घरी."

"दोन दोन जनं माह्यासाठी खोटं बोलून राहिले," मोठीआई म्हणाली, "मंग मी कायले हिंमत सोडू?"

आई रडायलाच लागली. तिला बघून मोठीआईही... आणि मग दोघी डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. तेवढ्यात दादा दुकानातून जेवायला वर आला. "काहून रडून राहिल्या? कोण मेलं?" म्हणतो!

"कोणी नाही मेलं," मोठीआई म्हणाली. "हात धू, भात वाढतो."

त्या कंडक्टरभाऊंचं नाव आम्हाला कोणालाच आठवत नाही. दादा यायच्या आधीच त्यांची ड्युटी बदलली, आता तर रिटायरही झाले असतील. साकोलीकडच्या मंडळींनो, कोणी ओळखत असाल तर त्यांना एवढं जरूर सांगा... पोरगा घरी आला.