चाकणच्या चिंचेला लागलेलं लाल कार्ड

लोक सुट्टी टाकून कोकणात जातात. मी सुट्टी टाकून पप्पांना घेऊन चाकणला गेले, एक चिंच बघायला.

पप्पांनी नोकरीत असताना कंपनीच्या कँटीनमागे लावलेल्या त्या झाडाला लाल कार्ड लागलंय, असा त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला होता. कंपनीबाहेरच्यांसाठी सांगते: नको असलेल्या वस्तूला लाल कार्ड लावतात. त्यावर वापर आणि मालक लिहायला कुणी आलं नाही, की वस्तू भंगारात. ही शिस्त तिथे आणली कुणी? आमच्याच पप्पांनी. रिटायर झाल्यावर त्यांनी घरी आईच्या पाट्यावरवंट्यालाही कार्ड लावलं होतं.

रावेतहून लवकर निघा म्हणतात. काही फरक पडत नाही. तळेगाव सोडलं की कंटेनरमागे कंटेनर, आणि मध्ये आपण. वाटेतल्या मिसळीचा रस्सा लाल होता; याहून जास्त कौतुक जमणार नाही. कंपन्यांच्या भिंतींलगत एका मापाचे पाम उभे. ना सावली, ना फळ, पण साहेबांचे फोटो छान येत असतील.

चिंच मात्र शेंगांनी लगडली होती. खोडात खिळा ठोकून कार्ड लावलेलं. कारण: ‘पानगळ, कचरा.’ झाडाची पानं गळतात, हा शोध लावायला इथे पगार मिळतो! तुम्हाला चिंच लावायची असेल तर कलम लावा. बियांपासून वाढवलीत तर फळासाठी बरीच वर्षं थांबाल. सुरुवातीचे उन्हाळे पाणी घाला. पुढे ती तुमच्याकडे काही मागत नाही.

पप्पांनी पेन काढून कार्डावर ‘वापर: सावली’ लिहिलं आणि मालक म्हणून स्वतःचं नाव घातलं. सोबतचा तरुण अधिकारी हसला. “काका, चालू डिपार्टमेंट लागतं. तुम्ही रिटायर झालात ना!” त्याने नाव खोडलं. पप्पांनी पेन खिशात ठेवलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

कँटीनच्या दारातून मावशी ओरडल्या, “आन् आमटीत काय घालू मी? लिवा, कँटीनची हाय म्हनून!”

झालं, कच्चा माल म्हणून झाड वाचलं. त्या तरुण साहेबांनी लगेच बुंध्याभोवती पिवळा पट्टा मारायला सांगितला, जागा पक्की झालेल्या वस्तूभोवती मारतात तसा. उतरवलेलं लाल कार्ड पप्पांनी खिशात घातलं.

परतीच्या वाटेवर ते एवढंच बोलले, “झाड राहिलं ना.” घरी आल्यावर मावशींनी दिलेल्या चिंचांची पिशवी आणि ते कार्ड त्यांनी ओट्यावर ठेवलं आणि न जेवता आडवे झाले. आईने खोडलेलं नाव वाचलं. कार्ड उचलून ठेवलं.

या सहलीतून काय मिळालं म्हणाल, तर कंबरदुखी. आणि सकाळी दिसलेलं एक दृश्य. गॅलरीतल्या पप्पांच्या खुर्चीला तेच लाल कार्ड लटकत होतं. मागच्या कोऱ्या बाजूला आईचं अक्षर: ‘वापर: चिंचा फोडणे. मालक: मी.’

पप्पांनी ते दोनदा वाचलं, आणि आईला विचारलं, “वरवंटा कुठंय?”