पळसाचा सुगंध

परवा कपाट आवरताना नातीनं एका जुन्या पुस्तकातून वाळलेलं पळसाचं फूल काढलं, आणि मी पुन्हा विशीतली झाले.

तेव्हा मी स्वतःला थोर कवयित्री समजत असे. त्या संध्याकाळी वाचनालयाच्या बैठकीत पहिल्यांदाच कविता वाचायची होती, म्हणून सकाळीच वही घेऊन आमच्या मराठीच्या सरांकडे गेले. सर खरे कवी. रोज पहाटे गावाबाहेरच्या पेठ रस्त्यानं टेकडीपर्यंत चालायचे आणि जे फुललं असेल ते आणून पुस्तकांत खूण म्हणून ठेवायचे.

"पळसाच्या सुगंधानं रान वेडावलं," मी डोळे मिटून वाचलं.

सरांनी टेबलावरचं ताजं केशरी फूल माझ्या हातात दिलं. "वास घे बरं."

घेतला. काहीच नाही! पण हार मानेन ती मी कसली? "येतोय की, मंद!"

सरांनीही हुंगून पाहिलं. "असेल बाई. मला सर्दी झालीय."

घरी येऊन मी गुपचूप ती ओळ खोडली. संध्याकाळी भरल्या बैठकीत उरलेली कविता वाचली, तर पहिली टाळी सरांची. सकाळचं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. ते फूल मात्र मी त्यांच्याकडून वाचायला आणलेल्या पुस्तकात ठेवलं, आणि पुस्तक परत करायचं सोयीस्कर विसरले.

नातीनं फूल नाकाशी नेलं. "आजी, याला वासच नाहीये. येतोय तो पुस्तकाचा."

हिला कविता जमेल.