मेढीचा बुंधा

सुतार मिळाला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण त्या उन्हाळ्यात आमच्या मुळशी खोऱ्यात सुतार औषधालाही सापडत नव्हता. धरणाचं पाणी आदल्या पावसाळ्यात आमच्या खालच्या भातखाचरांत येऊन बसलं, ते उन्हाळ्यातही हललं नाही. येत्या पावसाळ्यात ते घरात शिरणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मग जो तो आपलं घर उतरवून वर माळावर न्यायच्या मागे. आमचे हे म्हणाले, "सुतार कशाला पायजे? उतरवलं आमी, उभं बी आमीच करू." उतरवणं आणि उभं करणं यात किती अंतर असतं, ते ह्यांना सांगणार कोण!

माझे दिवस भरत आले होते. आधीचं लेकरू जुन्या घरात जन्मलं आणि बारशाआधीच गेलं. त्यामुळं ह्या खेपेला मी आणि सासूबाई, दोघीही जीव मुठीत धरून होतो. एरवी आमचं मिठावरूनसुद्धा वाजायचं. पण बाळंतपण नव्या घरात, धड छपराखाली व्हायला हवं, यावर दोघींचं एकमत होतं. तोवर माळावर पाल्याच्या खोपीत राहत होतो. वारा सुटला की सगळी खोप हलायची.

घराच्या मधोमध जो खांब असतो, ती मेढ. आढं तिच्यावर टेकतं, सगळं छप्पर आढ्यावर. आमची मेढ ऐनाच्या लाकडाची, आजेसासऱ्यांनी तासलेली. लाकूड झाडात जसं उभं होतं तसंच घरात उभं करायचं, बुंधा खाली, शेंडा वर. उलटी मेढ रोवली तर त्या घरात वंश वाढत नाही, असं आमच्याकडं मानतात. म्हणून उतरवताना ह्यांनी मोठ्या शहाणपणानं बुंध्याला चुन्याचा पट्टा ओढला. वर आणून बघतात तर खालचं टोक कुजलेलं, वरचं बेचकं चिरलेलं. घेतली करवत आणि दोन्ही टोकं कापून मोकळे झाले. घर हातभर बुटकं झालं तर झालं, म्हणाले. चुन्याचा पट्टा गेला कापलेल्या तुकड्याबरोबर, आणि तुकडे आले माझ्या चुलीपाशी. जळण दिसल्यावर चुलीत घालायचं नाही तर काय त्याची पूजा करायची?

मेढ रोवायच्या दिवशी सकाळपासून उकडत होतं. खड्डा तयार, नारळ तयार. सासूबाई हळदकुंकू घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बुंध्याला हळद लावायची. बुंधा कुटला?"

ह्यांनी एक टोक दाखवलं. धाकटे दीर म्हणाले, "न्हाई दादा, त्यो पलीकडचा."

मग दोघंही मेढीभोवती फिरून बघायला लागले. लाकूड चौकोनी तासलेलं, दोन्हीकडून सारखं.

"ठाव न्हाई व्हय रं तुला?" सासूबाईंचा आवाज चढला. "करवत चालवाय हात होता, डोस्कं कुटं ठेवलं होतंस? उलटी मेढ उभी केलीस तर हिला मी त्या घरात पाऊल टाकू द्यायची न्हाई. एक लेकरू गेलं, तेवढं पुरं."

"मग बाळंतपण काय खोपीत व्हऊ दे? आभाळ तरी बघ की आये!"

डोंगराच्या वर आभाळ काळं झालं होतं, आणि त्याच वेळी माझ्या कमरेतून पहिली कळ गेली. मी दातांवर दात दाबून धरले. बोलले असते तर मला तशीच खोपीत नेऊन निजवली असती.

सासूबाईंनी मेढीची दोन्ही टोकं चाचपली, मग म्हणाल्या, "पाण्यात टाका. बुंधा जड आसतो, त्यो दबतो."

आम्ही सगळे गारच पडलो. कारण पाणी म्हणजे ते धरणाचंच. ज्यानं आमची खाचरं गिळली त्याला पाय लावणार नाही, अशी शपथ घेतली होती सासूबाईंनी. प्यायचं पाणीसुद्धा डोंगरातल्या झऱ्यावरून आणायच्या.

दोघा भावांनी मेढ खांद्यावर घेतली. मला "हितंच बस" म्हणून दटावलं. मी कसली बसतेय! मागोमाग उतरले आणि बाजूच्या बांधावर जाऊन उभी राहिले.

भावांनी मेढ पाण्यात सोडली, आमच्याच खाचरावरच्या पाण्यात. ती वाहून जाऊ नये म्हणून सासूबाई लुगड्याचा काचा मारून कमरेइतक्या पाण्यात गेल्या. वाऱ्यानं लाटा उठत होत्या, मेढ नुसती डुलत होती. मग वारा पडला, पाणी संथ झालं. मेढ सपाट. ना हे टोक खाली, ना ते.

"आये, कुटलं दबतंय?" हे काठावरून ओरडले. त्यांना फक्त आईची पाठ दिसत होती.

तेवढ्यात मला दुसरी कळ आली, अशी की मी बांधावर खालीच बसले आणि तोंडातून "आई गं" निघालं. सासूबाईंनी मान वळवली. मला बघितलं, वरचं आभाळ बघितलं. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मग त्यांचा उजवा हात हळूच जवळच्या टोकावर आला आणि त्यांनी ते दाबलं. माझ्या डोळ्यांदेखत दाबलं.

"ह्यो बगा, दबला! ह्योच बुंधा!" असं ओरडून त्यांनी पदराची चिंधी टर्रकन फाडली आणि त्या टोकाला बांधली.

पुढं सगळी पळापळ. मेढ उभी राहिली, आढं चढलं, शेजारपाजारचे गवताच्या पेंढ्या घेऊन धावले. अर्धं छप्पर शाकारलं तोच वादळ आलं. समोरची आमची खोप पार उडून गेली. शाकारलेल्या अर्ध्याखाली, मेढीच्या पायाशी, मला मुलगी झाली. ती रडली तेव्हा मी तिच्याहून मोठ्यानं रडले.

पाचवीला सासूबाईंनी मेढीला हळदकुंकू लावलं आणि कितीतरी वेळ डोकं टेकून राहिल्या. मला राहवलं नाही. म्हणाले, "आत्याबाई, बुंधा खालीच हाय न्हवं?"

त्यांनी गर्रकन वळून बघितलं. "उभी हाय न्हवं मेढ? पोर रडतिया न्हवं? मग गप जेव की गं!"

मी गप जेवले. पण मग त्या रोज रात्री मेढीला पाठ लावून, नातीला मांडीवर घेऊन बसायला लागल्या. मी म्हणायची, पडा जरा. "मला झोप न्हाई येत," एवढंच. नातीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायच्या. मी अंथरुणातून त्यांच्याकडं बघत राहायची, आणि त्यांना ठाऊक होतं की मी जागी आहे.

बारशाला बायका जमल्या. नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. सासूबाईंना हाक मारावी म्हणून मी वळले, तर त्या मेढीला टेकून बसल्या बसल्या घोरत होत्या. कुणी उठवायला गेलं, त्याला मी हातानंच थांबवलं.