‘कट ऑफ’चा भूतकाळ

कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरात आमची दुरुस्तीची खोली होती. आठ मशीन, दोन इस्त्र्या आणि कापायचं एक लांब टेबल. मी काजं-बटणं करायचे, शेजारच्या मशीनवर मावशी. वयाने सगळ्यांत मोठ्या. त्यांनी उसवून पुन्हा घातलेली शिवण शोधायला भिंग लागलं असतं. वीस वर्षांत त्यांच्या हातून कपडा बिघडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

प्रत्येक कपड्याला एक कार्ड टाचलेलं असे. काय करायचं ते काउंटरवाली वरच्या ओळीत लिही. सकाळच्या पाळीने काय केलं ते खालच्या ओळीत, म्हणजे दुपारची पाळी तिथून पुढे काम करी. खालची ओळ जो तो आपापल्या भाषेत खरडायचा. मग नवा मॅनेजर आला. खोलीत चार भाषांची माणसं, तेव्हा कार्ड इंग्रजीतच आणि झालेलं काम भूतकाळातच लिहायचं, असं त्याने फर्मान काढलं.

मावशींनी सरळ मार्ग धरला. क्रियापदाला ‘एड’ लावलं की झालं. स्टिच्ड, फिक्स्ड, प्रेस्ड. त्याच चालीवर कपडा आत घेतला की टेक्ड इन आणि कापला की कटेड ऑफ. दोन आठवडे कुणाचं काही अडलं नाही. मग मॅनेजरने त्यांच्या एका कार्डावर ‘कटेड’भोवती लाल पेनाने गोल काढून ते फळ्यावर लावलं. येणारा-जाणारा वाचून हसायचा. मावशींनी त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

घरी त्यांची सून इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायची. “जिला मी सुईत दोरा ओवायला शिकवलं, तिच्यासमोर वही घेऊन बसायचं,” मावशी मला म्हणाल्या. पण बसल्या. रोज सकाळी येऊन कालचा धडा मला ऐकवायच्या.

“आई, टेकचं टूक. म्हणून टूक इन. मागचं ‘इन’ बदलत नाही.”

“कॅचचं?”

“कॉट.”

“मग स्टिचचं स्टॉट.”

“नाही, स्टिच्डच.”

“का पण?”

“तसंच आहे ते, आई. पाठ करायचं.”

“बरं. कटचं?”

“कट.”

“अगं, मी भूतकाळ विचारतेय.”

“तोच सांगतेय. कटचं कट, पुटचं पुट, लेटचं लेट.”

“कापायचंय तेही कट आणि कापून झालं तेही कट? मग कळायचं कसं?”

“वाक्यावरून कळतं,” सून म्हणाली.

कार्डावर वाक्य कुठलं असायला? पण मावशींनी पाठ केलं. महिनाभर मशीन चालवताना त्यांचे ओठ हलत होते. एकदा पुटपुटण्याच्या नादात बोटात सुई गेली. तरी बरोबर लिहायला लागल्या.

आणि नेमका तेव्हाच घोळ झाला. एका शिक्षकांनी राखाडी लोकरी पॅन्ट आणून दिली होती. त्यांचे थोरले भाऊ वारले होते, त्यांची ती पॅन्ट. भाऊ उंच, म्हणून खालून चार सेंटीमीटर कमी करायचे होते. काउंटरवालीने लिहिलं, ‘कट ऑफ चार’. मावशींनी सकाळी कापून खाली लिहिलं, ‘कट ऑफ चार’. दुपारी नव्या कारागिराने दोन्ही ओळी वाचल्या, आणखी चार कापले, बॉटम शिवून इस्त्री मारली.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी घालून पाहिली, तर घोटे उघडे. ते आरशासमोर नुसते उभे राहिले.

“वरचे चार कापलेले दिसत होते. मला वाटलं, खालचे चार गिऱ्हाइकाने मागाहून आणखी सांगितले,” कारागीर खालमानेने म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं?

मॅनेजरने कार्ड उलटसुलट पाहिलं. “व्याकरण बरोबर आहे.”

“ते बरोबर झालं तिथेच घात झाला,” मावशी म्हणाल्या. “मी कटेड लिहीत होते, तेव्हा एकाचीही पॅन्ट आखूड झाली नव्हती.”

त्यांनी चिंध्यांचं पोतं जमिनीवर पालथं केलं. तासाभराने दोन्ही पायांच्या पट्ट्या सापडल्या. दुपारभर बसून त्या जोडल्या आणि जोड झाकायला बॉटमला बाहेरून घडी घातली. शिवण दिसत नव्हती, घडी मात्र दिसत होती.

“लांबी आली,” शिक्षक म्हणाले. “दादाला अशी घडी आवडायची नाही.” पॅन्ट घेऊन ते गेले.

सोमवारी मॅनेजरने नवा नियम सांगितला. भूतकाळाची भानगडच नको, झालेल्या कामापुढे ‘डन’ लिहायचं.

“म्हणजे टूक इन नाही?” मावशींनी विचारलं.

“टेक इन डन.”

“आणि माझा महिना?”

त्याला प्रश्न कळलाच नाही. तो वर निघून गेला.

त्या संध्याकाळी सुनेने नेहमीप्रमाणे वही उघडली. मावशींनी नवा नियम सांगितला.

“पण आई, हे इंग्रजी चुकीचं आहे.”

“माहीत आहे मला,” मावशी म्हणाल्या. “आता तेच डोक्याला ताप झालंय. आधी माहीत नव्हतं, तेव्हा सुखाने लिहीत होते.”

पुढे निवृत्तीपर्यंत त्या ‘डन’ लिहीत राहिल्या. दर वेळी लिहिण्याआधी पेन क्षणभर थांबायचं, हे मी शेजारून पाहत होते.